लेपा ब्रेना ऐकायची तर कोठून सुरुवात करावी: नवख्या श्रोत्यांसाठी क्रमवार मार्गदर्शन

व्हिएन्ना, स्टुटगार्ट किंवा झ्युरिच येथे नोकरीनिमित्त राहणाऱ्या मराठी माणसाच्या कार्यालयात किंवा शेजारी पूर्वीच्या युगोस्लाव्हियातून आलेले कोणी ना कोणी असतेच, कारण १९६० च्या दशकापासून तिकडचे कामगार या शहरांत येत राहिले आणि त्यांतील पुष्कळसे तेथेच स्थायिक झाले. त्यांच्या घरच्या लग्नाचे आमंत्रण आले की जेवणानंतर कधीतरी ॲकॉर्डियनचा एक झपाट्याचा तुकडा सुरू होतो, आजीपासून नातवापर्यंत सगळे उठून उभे राहतात, आणि पाहुण्याला सांगितले जाते की ही लेपा ब्रेना, जुन्या युगोस्लाव्हियाची लाडकी गायिका. उत्सुकतेने घरी येऊन शोध घ्यावा, तर चाळीस वर्षांची गाणी, चित्रपटांतील तुकडे, मुलाखती आणि भांडणे असे सगळे एकदम अंगावर येते व काहीच हाती लागत नाही.

या पसाऱ्यातून वाट काढताना मला जे उपयोगी पडले, ते येथे क्रमाने मांडले आहे. एक गोष्ट आधीच आग्रहाने सांगतो. ब्रेना कालक्रमानेच ऐकावी. तिची कारकीर्द एका देशाच्या अखेरच्या दशकाशी इतकी घट्ट बांधलेली आहे, की १९८२ चे गाणे आणि १९९६ चे गाणे यांच्यामध्ये तो देश नाहीसा झाला हे ठाऊक नसेल, तर दोन्ही गाणी नुसतीच नाचाची वाटतात.

१. आधी जवळ काय असावे

फार काही लागत नाही, परंतु जे लागते ते सुरुवातीलाच जमवून ठेवल्यास पुढचा वेळ वाचतो.

- १९९० पूर्वीच्या युगोस्लाव्हियाचा नकाशा, ज्यात स्लोव्हेनिया, क्रोएशिया, बोस्निया-हर्झेगोव्हिना, सर्बिया, माँटेनेग्रो आणि मॅसिडोनिया ही सहाही प्रजासत्ताके दिसतील. त्यावर तुझ्ला, ब्र्चको, नोवी साद, बेलग्रेड आणि चाचाक या पाच गावांवर खूण करून ठेवावी.
- तिच्या अल्बमांची वर्षवार यादी. वहीत हाताने लिहिलेली असली तर अधिक चांगले, कारण ऐकता ऐकता शेजारी टिपणे करता येतात.
- गाण्यांचे शब्द आणि त्यांचे भाषांतर. यंत्राने केलेले भाषांतर नुसता अर्थ कळण्यापुरते चालते, पण त्यातील विनोद हमखास हरवतो. म्हणून निदान दोन-तीन गाण्यांचे शब्द तरी त्या भाषेच्या माणसाकडून समजून घ्यावेत.
- बरे हेडफोन. लहान फोनच्या कर्ण्यातून बेस गिटार ऐकूच येत नाही, आणि या गाण्यांतील निम्मी गंमत तेथेच आहे.

२. नावांचा घोळ प्रथम मिटवावा

लेपा ब्रेना हे रंगमंचावरचे नाव आहे. तिचे मूळ नाव फाह्रेता याहिच. जन्म २० ऑक्टोबर १९६० रोजी बोस्नियातील तुझ्ला येथे, एका बोस्नियन मुस्लिम कुटुंबात झाला आणि बालपण सावा नदीकाठच्या ब्र्चको या गावी गेले, जेथे ती बास्केटबॉल खेळत असे. ‘लेपा’ म्हणजे सुंदर, आणि हे विशेषण लावणारी ती एकटी नाही. लेपा लुकिच ही तिच्या आधीच्या पिढीतील मोठी लोकगायिका १९६० च्या दशकात प्रसिद्धीस आली होती, आणि केवळ पहिला शब्द टाकून शोधल्यास दोघींची गाणी एकमेकींत मिसळून समोर येतात.

दुसरी अडचण लिपीची आहे. सर्बियात सिरिलिक आणि लॅटिन या दोन्ही लिपी चालतात, आणि लॅटिन लिपीतील काही अक्षरांवर टोपीसारखी किंवा तिरकी खूण असते. शोधताना ती खूण दिली नाही तरी बहुधा काम भागते, पण गाण्याचे नाव सिरिलिक लिपीतूनही एकदा टाकून पाहावे, कारण दूरदर्शनच्या जुन्या कार्यक्रमांची चित्रफीत पुष्कळदा त्याच नावाने सापडते.

या पायरीवरचा मोठा सापळा म्हणजे ‘सर्वोत्तम गाणी’ अशा नावाचे संग्रह. त्यांत १९८४ चे गाणे २००८ च्या गाण्याला खेटून येते, आणि पुष्कळदा जुन्या गाण्याचा नंतर मोठ्या सभागृहात झालेला प्रयोग मूळ ध्वनिमुद्रण म्हणून खपून जातो. ढोबळ कसोटी अशी, की ड्रमचा आवाज फार भरीव आणि मागे प्रेक्षकांचा गजर असेल, तर ते मूळ ध्वनिमुद्रण नव्हे.

३. ती येण्यापूर्वी काय चालले होते, ते थोडक्यात समजून घ्यावे

दुसऱ्या महायुद्धानंतर युगोस्लाव्हियात खेड्यांतून शहरांकडे लोकांचा मोठा ओघ लागला. या नव्या शहरवासीयांसाठी पारंपरिक चालींच्या धर्तीवर नवी गाणी रचली जाऊ लागली, आणि ‘नव्याने रचलेले लोकसंगीत’ अशाच अर्थाचे नाव त्या प्रकाराला मिळाले. ते कफानांमध्ये, म्हणजे तेथील खाण्यापिण्याच्या गुत्त्यांमध्ये, आणि लहान गावांच्या हॉटेलांत वाजत असे. ध्वनिमुद्रिका भरपूर खपत, पण सुशिक्षित वर्ग त्या संगीताला नाके मुरडत असे. १९७० च्या दशकात तर ज्या ध्वनिमुद्रिकांवर हीन अभिरुचीचा शिक्का बसे त्यांच्यावर वेगळा कर लागे आणि त्या महाग होत.

या काळातील गाणी घटकाभर तरी अवश्य ऐकावीत. लेपा लुकिच आणि १९७६ मध्ये मोटार अपघातात गेलेली सिल्वाना आर्मेनुलिच या दोघी पुरेत. त्यांची गाणी संथ आणि विरहाकडे झुकणारी आहेत. ती कानात असली म्हणजे ब्रेनाने नेमके काय बदलले ते आपोआप ऐकू येते.

४. १९८० ते १९८२: येथे सर्वांत जास्त वेळ द्यावा

एप्रिल १९८० मध्ये, सर्बियाच्या उत्तरेकडील बाच्का पालांका या गावच्या एका हॉटेलात, लिरा शो नावाच्या वाद्यवृंदाबरोबर ती प्रथम गायली. वृंदाचा म्होरक्या साशा पोपोविच तिला घेण्यास आरंभी राजी नव्हता, असे सांगितले जाते. पुढे याच वृंदाने स्लात्की ग्रेह, म्हणजे गोड पाप, असे नाव घेतले. तिच्या त्या पहिल्या कार्यक्रमानंतर महिनाही उलटला नव्हता तोच ४ मे १९८० रोजी युगोस्लाव्हियाचे राष्ट्राध्यक्ष मार्शल टिटो यांचे निधन झाले. या दोन घटनांचा परस्परांशी काही संबंध नाही, पण तारखा शेजारी ठेवल्या की तिच्या कारकिर्दीच्या डोक्यावर कोणते आभाळ होते ते ध्यानात येते.

१९८२ मध्ये ‘चाचाक, चाचाक’ हा पहिला अल्बम बेलग्रेड रेडिओ-दूरदर्शनच्या ध्वनिमुद्रिका विभागाने काढला. चाचाक हे मध्य सर्बियातील गाव. त्याच वर्षाच्या अखेरीस ‘मिले वोली डिस्को’ हा दुसरा अल्बम आला, आणि याच शीर्षकाचे गाणे नवख्या श्रोत्याने सलग चार-पाच वेळा ऐकावे, अशी माझी शिफारस आहे.

गाण्याचा विषय साधा आहे. मिले नावाच्या मुलाला डिस्को आवडतो आणि गाणाऱ्या मुलीला शुमादियाचा कोलो. शुमादिया हा मध्य सर्बियाचा टेकड्यांचा मुलूख आणि कोलो हा हातात हात धरून रांगेने किंवा वर्तुळात करायचा नाच. दोघांचे जमावे म्हणून ॲकॉर्डियनच डिस्को वाजवू लागते, असा तो तोडगा. आता ऐकताना पहिल्या वेळी फक्त ड्रम आणि बेस गिटारकडे लक्ष द्यावे. तो ठेका सरळ शहरी नाचघरातला आहे. दुसऱ्या वेळी फक्त ॲकॉर्डियन ऐकावे. त्यातील झटपट मुरक्या आणि लहान लहान गिरक्या कोलोच्या आहेत. तिसऱ्या वेळी आवाजाकडे वळावे. तो फार मोठा किंवा फार खोल आवाज नव्हे, पण स्वच्छ, हसरा आणि शब्द फेकण्यात अतिशय नेमका आहे. गाण्यात जी तडजोड सांगितली आहे तीच वाद्यांत प्रत्यक्ष केलेली आहे, आणि खेडे व शहर यांना एकाच नाचात आणण्याच्या या युक्तीवर तिची पुढची आठ वर्षे उभी आहेत.

हार्मोनियमवर वाढलेल्या मराठी कानाला येथे एक फायदा मिळतो. दोन्ही वाद्यांत हवेच्या दाबाने धातूच्या पट्ट्या कंप पावून सूर निघतो, त्यामुळे नाट्यसंगीतात पेटीवाला गायकाच्या मागे जी जागा भरून काढतो ती ऐकण्याची सवय ॲकॉर्डियनच्या भरावासाठी आयतीच कामी येते.

हे गाणे मिलुतिन पोपोविच झाहार यांचे. ते पेशाने वकील होते. ब्रेनाची सुरुवातीची अनेक विनोदी गाणी त्यांच्या लेखणीतून उतरली असल्यामुळे ध्वनिमुद्रिकेवर झाहार हे नाव दिसले की ते गाणे आधी ऐकावे.

५. १९८३ ते १९८७: दूरदर्शन, व्यवस्थापक आणि चित्रपट

१९८३ मध्ये नोवी साद येथे युरोव्हिजन या देशोदेशींच्या गीतस्पर्धेसाठी युगोस्लाव्हियाची राष्ट्रीय निवडफेरी झाली. ती पॉप संगीताची जागा मानली जात असताना ब्रेना आणि स्लात्की ग्रेह यांनी तेथे ‘सित्नीये, त्सिले, सित्नीये’ हे लोकढंगाचे गाणे नेले. निवड झाली दानियेल पोपोविच याची. परंतु दूरदर्शनवरून साऱ्या देशाने तिला पाहिले, आणि पुढची चर्चा विजेत्याइतकीच तिचीही झाली. शीर्षकातील सूचना नाचणाऱ्याला आहे, की पावले आणखी बारीक टाक. चित्रफीत पाहताना तिच्या पायांकडे लक्ष दिले तर हे लगेच कळते.

याच सुमारास राका जोकिच या व्यवस्थापकाने तिच्या कारभाराची सूत्रे हाती घेतली. आखूड स्कर्ट, लांब पायांचा मिरवलेला दिमाख, लहान मुलांनाही आवडेल असा खट्याळपणा आणि अंगप्रदर्शन असूनही घरंदाज वाटणारी मांडणी, हे सारे त्याने जाणीवपूर्वक घडवले. समाजवादी देशात एखादी गायिका उत्पादनासारखी बाजारात आणण्याचे हे काम त्या काळी नवलाचे होते. कीर्ती सीमेपलीकडेही गेली. १९८४ मध्ये रुमानियातील तिमिशोआरा येथे तिने क्रीडांगण भरवले.

चित्रपटांविषयी एवढेच सांगतो की ‘हायदे दा से वोलीमो’ या मालिकेचे तीन भाग १९८७, १९८९ आणि १९९० मध्ये आले आणि ते गाण्यांसाठी पाहावेत. कथा सोडून दिली तरी काही बिघडत नाही. १९८७ च्या त्याच नावाच्या अल्बममधील ‘सान्याम’ हे संथ गाणे मात्र चुकवू नये, कारण ती फक्त उडत्या चालीचीच गायिका होती हा समज त्याने दूर होतो.

६. १९८९ ते १९९१: येथे घाई करू नये

१९८९ च्या ‘चेतिरी गोदिने’ या अल्बममध्ये ‘युगोस्लोवेन्का’, म्हणजे युगोस्लाव स्त्री, हे गाणे आहे. त्यात तिच्याबरोबर क्रोएशियातील व्लादो कालेम्बेर व आलेन स्लाविका आणि माँटेनेग्रोचा दानियेल पोपोविच हे तिघे गायक आहेत. तिला विचारले जाते की तू कोठली, तर ती सांगते की डोळे ॲड्रियाटिक समुद्राचे, केस पानोनियाच्या मैदानातील कणसांचे, आणि मी युगोस्लाव. समुद्र क्रोएशिया-माँटेनेग्रोच्या बाजूचा, मैदान सर्बिया-क्रोएशियाच्या उत्तरेचे. नकाशा शेजारी असेल तर गाणे अक्षरशः त्यावरून फिरताना दिसते.

तेव्हा सर्व प्रजासत्ताकांत राष्ट्रवादी राजकारण जोरात होते. मुस्लिम घरात जन्मलेली, बोस्नियात वाढलेली आणि सर्बियात राहणारी गायिका क्रोएशियन सहगायकांना घेऊन आपण युगोस्लाव असल्याचे सांगते, ही बाब त्या वर्षी निरुपद्रवी राहिली नव्हती. जून १९९१ मध्ये स्लोव्हेनिया आणि क्रोएशिया यांनी स्वातंत्र्य जाहीर केले आणि युद्ध पेटले.

दरम्यान जुलै १९९० मध्ये बल्गेरियाची राजधानी सोफिया येथे वासिल लेव्स्की क्रीडांगणावर तिचा कार्यक्रम झाला, ज्यात ती हेलिकॉप्टरमधून उतरली. प्रेक्षकांचा आकडा लाखाच्या घरात सांगितला जातो. असे आकडे, तसेच कोट्यवधी ध्वनिमुद्रिका विकल्याचे दावे, जाहिरातीच्या वाटेने आलेले असतात. ते वहीत उतरवून घेण्याची गरज नाही. चित्रफितीतील गर्दी पाहावी, ती पुरेशी बोलकी आहे.

७ डिसेंबर १९९१ रोजी बेलग्रेडमध्ये तिने स्लोबोदान झिवोयिनोविच याच्याशी विवाह केला. बोबा या नावाने ओळखला जाणारा हा टेनिसपटू १९८६ मध्ये विम्बल्डनच्या उपांत्य फेरीपर्यंत पोहोचला होता. विवाहाच्या तीनच आठवडे आधी, १८ नोव्हेंबरला, क्रोएशियातील वुकोवार शहर वेढ्यानंतर पडले होते. विवाहाची छायाचित्रे पाहताना ही तारीख मनात असावी.

७. नव्वदचे दशक आणि ‘टर्बो-फोक’चा शिक्का

नवखे श्रोते येथे हटकून घसरतात. कोठेतरी वाचलेले असते की ब्रेना म्हणजे टर्बो-फोक, आणि तेवढ्यावर सगळा हिशेब संपवला जातो. हा शब्द राम्बो अमादेउस या माँटेनेग्रोच्या विनोदी संगीतकाराने थट्टेने वापरात आणला, आणि पुढे नव्वदच्या दशकात सर्बियात सिंथेसायझरवर चाललेल्या, तेथील नेते स्लोबोदान मिलोशेविच यांच्या राजवटीच्या काळाशी जोडल्या गेलेल्या झगमगीत प्रकाराला तो चिकटला. त्सेत्सा आणि द्रागाना मिर्कोविच ही त्या काळातील ठळक नावे. ब्रेनाची ऐन भराची गाणी या प्रकाराच्या आधीची आहेत, त्यांचा ठेका वेगळा आहे, आणि त्यांतील विनोद पुढे बव्हंशी नाहीसा झाला. तिने दरवाजा उघडला असे म्हणता येईल, पण आत जे घडले ते सगळे तिच्या नावावर टाकणे योग्य नव्हे.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. १९९३ मध्ये जोकिच यांचे निधन झाले आणि तिचे अल्बम विरळ होत गेले. १९९६ चा ‘लुदा झा तोबोम’ आणि २००० चा ‘पोम्राचेन्ये सुन्त्सा’ ऐकताना जाणवते, की कोलो मागे सरकला आहे आणि पॉप पुढे आले आहे. १९९८ मध्ये तिने साशा पोपोविचबरोबर ग्रांड प्रोडक्शन ही कंपनी काढली. ध्वनिमुद्रिका, दूरदर्शनचा कार्यक्रम आणि पुढे ‘झ्वेज्दे ग्रांडा’ ही नव्या गायकांची स्पर्धा, अशा मार्गाने ही कंपनी साऱ्या प्रदेशातील लोकपॉप बाजारावर पसरली. म्हणजे ज्या संगीताची ती तोवर फार तर पूर्वज होती, त्याची ती आता मालक म्हणून भागीदार झाली. माझ्या मते तिच्या कारकिर्दीचा हा भाग गाण्यांइतकाच महत्त्वाचा आहे, आणि त्याकडे नेमके दुर्लक्ष होते.

८. पुनरागमन

२००८ चा ‘उजी स्लोबोद्नो’ हा अल्बम, २०११ चा ‘झाचारानी क्रुग’ आणि त्यानंतरचे मोठ्या सभागृहांतील कार्यक्रम एका बैठकीत ऐकून होतात. २००९ मध्ये साराएवो आणि झाग्रेब येथे ती पुन्हा गाऊ लागली, तेव्हा युद्धकाळातील तिच्या लष्करी गणवेशातील छायाचित्रावरून तेथे निषेधही झाला आणि तिकिटेही खपली. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. २०१८ च्या अल्बमचे शीर्षकच असे आहे, की ‘गाणे’ या क्रियापदाचा उच्चार सर्बियाच्या पद्धतीने केला काय किंवा क्रोएशिया-बोस्नियाच्या पद्धतीने केला काय, त्याने काय फरक पडतो? हा फरक शोधतानाही ध्यानात ठेवावा. एकच शब्द ‘ए’ आणि ‘ये’ अशा दोन रूपांत लिहिला जातो.

९. लग्नघरी जाताना

आता ज्या आमंत्रणापासून आपण निघालो, त्याच्या तयारीविषयी थोडेसे.

कोलो सुरू झाला की रांगेत शिरताना अगदी पुढच्या टोकाला उभे राहू नये. ती जागा नाच नेणाऱ्याची असते आणि पाहुण्याने त्याच्या पुढे शिरणे उद्धटपणाचे दिसते. मागच्या टोकाला जावे किंवा दोघांनी हात सोडून आपल्याला आत घेतले तर मध्ये. हात बहुधा खाली धरलेले असतात, खांद्यावर नव्हे. रांग प्रायः उजवीकडे सरकते. पावले मोठी टाकण्याचा मोह टाळावा आणि शेजाऱ्याच्या पायांकडे पाहत बारीक पावलांनी चालत राहावे; दोन कडव्यांत ठेका अंगात येतो.

गाण्याची फर्माईश करायची झाल्यास ‘मिले वोली डिस्को’ किंवा ‘चाचाक, चाचाक’ सुचवावे. ही दोन्ही कोणालाही दुखावत नाहीत. ‘युगोस्लोवेन्का’ मात्र आपण होऊन मागू नये. एकाच टेबलावर त्या गाण्याने डोळे भरून येणारी बहीण आणि उठून बाहेर जाणारा भाऊ बसलेले असू शकतात, विशेषतः कुटुंब बोस्नियातले असेल तर. त्याचप्रमाणे ब्रेना सर्ब की बोस्नियन, असा प्रश्न मेजवानीत विचारू नये. ती स्वतः अजूनही आपल्याला युगोस्लाव म्हणवते, आणि यजमानांना याविषयी बोलायचे असेल तर ते स्वतःच विषय काढतात. बहुधा दुसऱ्या दिवशी, कॉफीच्या वेळी, जुना अल्बम बाहेर काढून.